महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचे व्यवस्थापन व अनुदान

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्था ही 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७' या कायद्यावर आधारलेली आहे. राज्यातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये शासनाच्या मालकीची नाहीत. ती नागरिकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्थांची असून शासन त्यांना मान्यता देते, त्यांची वर्गवारी ठरवते, दरवर्षी परिरक्षण अनुदान देते आणि त्या अनुदानाच्या विनियोगाची तपासणी करते. याखेरीज राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, शासकीय विभागीय ग्रंथालये आणि जिल्हा ग्रंथालये शासन स्वतः चालवते. या दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांचे प्रशासन उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अधीन असलेल्या ग्रंथालय संचालनालयाकडे आहे.

'सार्वजनिक ग्रंथालय' म्हटले की ते सरकारी असणार, असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रापुरता तो बरोबर नाही. गावातील वाचनालयाच्या फलकावर 'शासनमान्य' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ 'शासकीय' असा होत नाही. या दोन शब्दांतील अंतरातच या व्यवस्थेची बलस्थाने आणि तिच्या बहुतेक अडचणी सामावलेल्या आहेत.

घटनात्मक स्थान

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत, बाराव्या नोंदीनुसार, राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये हा राज्याचा विषय आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व तत्सम राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था तेवढ्या केंद्राकडे आहेत. त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांसंबंधी कायदा करावा की नाही, केल्यास त्यासाठी पैसा कोठून आणावा, हे प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरवते. भारतात या बाबतीत एकसारखेपणा नाही तो यामुळेच.

पूर्वपीठिका

मराठी प्रदेशातील ग्रंथालये कायद्याच्या पुष्कळ आधीची आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झाले. आरंभी ही 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखली जात आणि इंग्रज अधिकारी, संस्थानिक व शहरातील प्रतिष्ठित मंडळी यांच्या वर्गणीवर चालत. शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आणि १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मराठी ग्रंथांचा संग्रह करावा आणि तो सामान्य वाचकाला खुला असावा, हा हेतू त्यांमागे होता. वर्गणी, देणगी आणि विनावेतन राबणारे कार्यकर्ते एवढेच भांडवल या संस्थांपाशी होते.

राज्यसंस्थेने ग्रंथालयांचा खर्च उचलावा ही कल्पना प्रथम संस्थानांत प्रत्यक्षात आली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे केले. बडोद्यातील ग्रामग्रंथालयांच्या खर्चाची रचना आजही उद्बोधक ठरते. एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवावा, म्हणजे तेवढाच हिस्सा संस्थान आणि तेवढाच स्थानिक पंचायत देईल, असा तो नियम होता. लोकांनी आधी पदरमोड करावी आणि मग शासनाने हात द्यावा, हे तत्त्व पुढे महाराष्ट्राच्या अनुदानपद्धतीतही उतरलेले दिसते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील या विषयावरचा तो पहिला कायदा मानला जातो.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये न्यायशास्त्राचे अभ्यासक आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमण्यात आली. समितीने १९४० मध्ये अहवाल सादर केला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, भाषिक विभागांसाठी विभागीय ग्रंथालये, त्याखाली जिल्हा, तालुका, पेटा आणि शेवटी गाव, अशी सहा पायऱ्यांची योजना तिने मांडली होती. पैशाअभावी ती लगेच अमलात आली नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. आजची 'जिल्हा', 'तालुका' आणि 'इतर' ही विभागणी या आराखड्याचीच वारसदार आहे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा मुंबई इलाख्यातून आलेला पश्चिम महाराष्ट्र, मध्य प्रांतातून आलेला विदर्भ आणि हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा या तिन्ही भागांतील ग्रंथालयांची परंपरा आणि त्यांना मिळणारी मदत वेगवेगळी होती. हैदराबाद राज्यात तर १९५५ चा स्वतंत्र ग्रंथालय कायदा होता. सर्व भागांना एकाच नियमाखाली आणण्याची निकड १९६७ च्या कायद्यामागे होती. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विधिमंडळाने तो संमत केला आणि १९६८ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू होऊन ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. स्वतंत्र भारतात असा कायदा करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत मद्रास, आंध्र प्रदेश आणि म्हैसूर यांच्यापाठोपाठ महाराष्ट्राचा क्रमांक लागतो.

प्रशासकीय रचना

संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत फोर्ट भागातील नगर भवनात आहे. ग्रंथालय संचालक हे विभागाचे प्रमुख असतात. त्यांच्या हाताखाली मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा विभागांत सहायक ग्रंथालय संचालक आणि जिल्ह्यांत जिल्हा ग्रंथालय अधिकारी काम पाहतात. गावच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो या जिल्हा अधिकाऱ्याशी. वार्षिक अहवाल त्याच्याकडे जातो, तपासणी त्याच्या कार्यालयाकडून होते आणि अनुदानाचा प्रस्तावही तेथूनच वर सरकतो.

शासनाला सल्ला देण्यासाठी कायद्याने राज्य ग्रंथालय परिषदेची तरतूद केली असून संबंधित खात्याचे मंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. विधिमंडळाचे सदस्य आणि ग्रंथालय संघांचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. जिल्हा पातळीवर जिल्हा ग्रंथालय समिती असते. या दोन्ही संस्थांचे अधिकार शिफारशीपुरते आहेत, आर्थिक निर्णय मंत्रालयातच होतात. शासनाबाहेर ग्रंथालयांच्या स्वतःच्या संघटनाही आहेत. महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ, विभागीय संघ आणि जिल्हा संघ अशी त्यांची साखळी असून त्यांनाही शासनाकडून अनुदान मिळते. एकीकडे शासनाकडून अनुदान घ्यायचे आणि दुसरीकडे ग्रंथालयांच्या मागण्यांसाठी त्याच शासनाशी भांडायचे, अशी दुहेरी भूमिका या संघांना बजावावी लागते.

मान्यता

ग्रंथालयाला अनुदान हवे असेल तर प्रथम ते चालवणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली ही नोंदणी होते. पुढचे नियम १९७० मध्ये करण्यात आले असून मान्यता, परिरक्षण अनुदान आणि इमारत व साधनसामग्री अनुदान यांच्या अटी त्यांत आहेत. ग्रंथालय जात, धर्म, पंथ, लिंग असा भेद न करता सर्वांना खुले असले पाहिजे. वाचनकक्षात बसून वर्तमानपत्रे व नियतकालिके वाचण्यासाठी कोणाकडून पैसे घेता येत नाहीत, याला 'मुक्तद्वार वाचन' म्हणतात. पुस्तक घरी न्यायचे असल्यास मात्र संस्था वर्गणी व अनामत घेऊ शकते.

शासकीय तपासणीत पुस्तकांची दाखल नोंदवही, देवघेवीची नोंद, सभासदांची यादी, रोजकीर्द, खरेदीच्या पावत्या आणि लेखापरीक्षकाचा अहवाल पाहिला जातो. मोठ्या शहरातील ग्रंथालयाला यात विशेष काही वाटत नाही. पण जेथे एकच कर्मचारी असतो तेथे वर्षाचा बराच काळ पुस्तकांऐवजी वह्या सांभाळण्यात जातो. तपासणी नसावी असे मात्र कोणी म्हणू नये. तिची गरज का आहे, हे पुढे येणाऱ्या २०१२ च्या पडताळणीने दाखवून दिले आहे.

वर्गवारी आणि परिरक्षण अनुदान

मान्य ग्रंथालयांची वर्गवारी दोन निकषांवर होते. पहिला निकष स्थानाचा. ग्रंथालय जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय किंवा इतर ग्रंथालय यांपैकी एका प्रकारात मोडते. दुसरा निकष कामाचा. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, वर्तमानपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, कर्मचारी आणि जागा पाहून 'अ', 'ब', 'क' किंवा 'ड' वर्ग दिला जातो. नवे ग्रंथालय सामान्यतः 'ड' वर्गातून सुरुवात करते. पुढच्या वर्गात जाण्याला 'दर्जावाढ' म्हणतात.

अनुदानाची कमाल मर्यादा वर्गानुसार ठरलेली असते. ती अधूनमधून शासन निर्णयाने वाढवली जाते, महागाईशी आपोआप जोडलेली नाही. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला एकेकाळी वर्षाला २०,००० रुपये मिळत. २०१२ मध्ये ५० टक्के वाढ होऊन ते ३०,००० झाले. त्यानंतर दहा वर्षे हा आकडा जागचा हलला नाही. २०२२ मध्ये शासनाने ६० टक्के वाढ मंजूर केली आणि 'ड' वर्गाचे अनुदान ४८,००० रुपयांवर गेले. त्याच निर्णयाने 'इतर अ' वर्गाचे अनुदान २,८८,००० वरून ४,६०,८०० रुपये झाले आणि 'जिल्हा अ' वर्गाचे ७,२०,००० वरून ११,५२,००० रुपये झाले. म्हणजे सर्वांत मोठ्या ग्रंथालयाला सर्वांत लहानाच्या चोवीस पट रक्कम मिळते. वाढ टक्केवारीने होत असल्यामुळे हे गुणोत्तर प्रत्येक वाढीनंतर तसेच राहते, रुपयांतील अंतर मात्र वाढत जाते.

अनुदान म्हणजे शासनाने आधी हातावर ठेवलेली रक्कम नव्हे. संस्थेने खर्च करायचा, त्याचा हिशेब द्यायचा, आणि त्यांतील मान्य बाबींवरील खर्चाचा मोठा भाग शासनाने कमाल मर्यादेपर्यंत भरून द्यायचा, अशी ही पद्धत आहे. उरलेला, साधारणपणे दहावा हिस्सा संस्थेने वर्गणी आणि देणग्यांतून उभा करायचा असतो. रक्कम दोन हप्त्यांत येते. दुसरा हप्ता आर्थिक वर्षाच्या अगदी अखेरीस येत असल्याने मार्च महिन्यात पुस्तकखरेदीची घाई उडते. वर्षभर वाचक ज्या पुस्तकांची मागणी करत होते ती मिळतात की विक्रेत्याकडे त्या दिवशी जी असतील ती घ्यावी लागतात, हे त्या घाईवर अवलंबून असते.

अनुदानाची ढोबळ विभागणी अशी की निम्मी रक्कम कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि निम्मी पुस्तके, नियतकालिके, जागेचे भाडे, वीज, बांधणी, फर्निचर इत्यादी वेतनेतर बाबींवर खर्च करावी.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न

वरील विभागणीचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. २०२२ पूर्वी 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात वेतनासाठी वर्षाला १५,००० रुपये निघत, म्हणजे महिन्याला १,२५०. वाढीनंतर वर्षाला २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,००० रुपये झाले. या रकमेत जो ग्रंथपाल दररोज ठरलेले तास वाचनालय उघडतो, वर्तमानपत्रे मांडतो, देवघेव करतो, झाडलोटही बहुधा स्वतःच करतो आणि तपासणीच्या वेळी नोंदवह्या पुढे ठेवतो, तो प्रत्यक्षात अर्धा स्वयंसेवकच ठरतो. 'जिल्हा अ' वर्गातही वेतनाच्या निम्म्या हिश्शाचे महिन्याला ४८,००० रुपये होतात आणि ते ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई अशा सर्वांत वाटायचे असतात.

अनुदानित ग्रंथालयांचे कर्मचारी शासकीय सेवक नाहीत. त्यांचा नियोक्ता संस्था असते. संचालनालयातील आणि शासकीय ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी, रजा व निवृत्तिलाभ मिळतात, अनुदानित ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना ते शासनाकडून मिळत नाहीत. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासनाने पूर्णपणे स्वीकारले, मग ग्रंथपालाचे का नाही, असा प्रश्न ग्रंथालय संघ अनेक दशके विचारत आले आहेत. व्यंकप्पा पत्की समितीने कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणी व सेवाशर्तींबाबत शिफारशी केल्या. तिच्या अहवालाची अंमलबजावणी ही संघटनांची कायमची मागणी राहिली आहे. शासनाच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा असा की, ही ग्रंथालये लोकांनी चालवायच्या संस्था असून अनुदान हे साहाय्य आहे, पूर्ण दायित्व नव्हे. पण हे साहाय्य ज्या अटींवर मिळते त्यांत नियमित वेळ आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची अपेक्षा आहे. अपेक्षा पूर्णवेळ संस्थेची आणि मोबदला मानधनाचा, ही विसंगती या व्यवस्थेत अद्याप सुटलेली नाही.

२०१२ ची पडताळणी

'गाव तेथे ग्रंथालय' या धोरणामुळे मान्य ग्रंथालयांची संख्या झपाट्याने वाढून सुमारे बारा हजारांवर गेली. त्यांतील किती प्रत्यक्षात चालू आहेत, याविषयी शंका व्यक्त होऊ लागल्या. २०१२ मध्ये शासनाने महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर एकाच वेळी पडताळणी केली. अनेक ग्रंथालयांत त्रुटी आढळल्या. काही केवळ कागदोपत्री होती, तर काहींत पुस्तके होती पण वाचक नव्हते. दोषी संस्थांवर कारवाई झाली, काहींची मान्यता गेली, काहींचा वर्ग खाली आला. त्याच सुमारास नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि दर्जावाढ हेही थांबले, आणि ते दीर्घकाळ थांबलेलेच राहिले. त्याचा भार मात्र प्रामाणिक संस्थांवरही पडला. ज्या ग्रंथालयाने या काळात ग्रंथसंख्या दुप्पट केली, त्यालाही जुन्याच वर्गाचे अनुदान मिळत राहिले. ज्या गावात ग्रंथालय नव्हते तेथे नवे ग्रंथालय उभे राहिले तरी ते अनुदानाबाहेर राहिले.

निधीचे स्रोत

अधिनियमाने 'ग्रंथालय निधी' स्थापन केला असून राज्य शासनाने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये जमा करावेत, असे म्हटले आहे. १९६७ च्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. आज अनुदानावरील वार्षिक खर्च शंभर कोटी रुपयांहून अधिक असल्याने कायद्यातील आकड्याला केवळ ऐतिहासिक मूल्य उरले आहे. प्रत्यक्ष पैसा विधिमंडळाने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून येतो. ग्रंथालयांसाठी वेगळा कर महाराष्ट्राने लावला नाही.

दुसरा स्रोत म्हणजे केंद्र शासनाचे कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानाच्या काही योजनांत राज्याने आपला वाटा भरला की त्या प्रमाणात प्रतिष्ठान आपला वाटा देते, तर काहींत राज्याचा वाटा लागत नाही. पुस्तके, साधनसामग्री, इमारतीचा विस्तार, बालविभाग आणि शतकोत्तर ग्रंथालयांचे विशेष कार्यक्रम यांसाठी ही मदत असते. प्रतिष्ठानाकडून आलेल्या पुस्तकांच्या निवडीत स्थानिक वाचकाला फारसा वाव नसतो, अशी तक्रार ग्रंथपालांकडून ऐकू येते. राज्यही दरवर्षी ग्रंथनिवड समितीमार्फत शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते. या यादीत आपले पुस्तक यावे यासाठी मराठी प्रकाशक उत्सुक असतात, कारण ग्रंथालये ही मराठी पुस्तकांची फार मोठी गिऱ्हाईक आहेत. काही प्रकारच्या पुस्तकांची आवृत्ती ग्रंथालयांच्या भरवशावरच निघते.

शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने आणि कार्यकर्ते व सेवकांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सवही भरवले जातात.

राज्य मध्यवर्ती ग्रंथालय

मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पूर्णपणे शासकीय आहे. दीर्घकाळ ते एशियाटिक सोसायटीच्या व्यवस्थेखाली होते. पुढे १९९४ मध्ये शासनाने ते स्वतंत्रपणे चालवण्यास घेतले. 'ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४' अन्वये भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना विनामूल्य पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे, त्यांत याचा समावेश होतो. उरलेली तीन म्हणजे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. त्यामुळे येथील संग्रह खरेदीच्या अंदाजपत्रकापेक्षा या कायद्याच्या पालनावर अधिक अवलंबून आहे.

इतर राज्यांतील पद्धती

दक्षिणेकडील राज्यांनी वेगळा मार्ग धरला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनीही उपकराचे तत्त्व स्वीकारले. तेथे ग्रंथालये बहुधा स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे चालवतात आणि कर्मचारी त्यांच्या सेवेत असतात. उपकराचा फायदा असा की शहर वाढले की ग्रंथालयाचे उत्पन्नही वाढते, त्यासाठी दहा वर्षे शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. अडचण अशी की उपकर गोळा करणाऱ्या नगरपालिका तो ग्रंथालयांकडे वेळेवर सुपूर्त करतीलच असे नसते, आणि गरीब भागातील ग्रंथालयाला गरीबच उत्पन्न मिळते. महाराष्ट्राच्या पद्धतीत नंदुरबारच्या आणि ठाण्याच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला सारखीच रक्कम मिळते.

शेजारच्या गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे, पोर्तुगीज राजवटीतील आहे. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्याने १९९३ मध्ये ग्रंथालय कायदा केला तेव्हा उपकरासाठी मालमत्तेऐवजी मद्याची निवड केली आणि विदेशी बनावटीच्या भारतीय मद्यावर व बिअरवर ग्रंथालयांसाठी अधिभार बसवण्याची तरतूद त्यात ठेवली.